मूळपुरुष अरब होता का? सोमाली कुळं आणि वाय गुणसूत्राची साक्ष

एडनच्या आखाताच्या काठी, सनाग प्रांतात मैढ नावाचं एक जुनं बंदर आहे. आता ते नावापुरतंच बंदर आहे. तिथे शेख इसाक यांचा घुमट आहे. हे शेख समुद्र ओलांडून अरबस्तानातून आले आणि इथेच राहिले, असं परंपरा सांगते. त्यांना मुलं झाली, त्या मुलांची कुळं झाली, आणि आज सोमालीलँडमधले लाखो लोक स्वतःला त्यांचे वंशज म्हणवतात. त्याच सनाग भागात हैलानला दुसरी एक कबर दाखवतात. ती शेख दारोद यांची. त्यांचं नाव अब्दुर्रहमान बिन इस्माईल अल-जबर्ती, आणि तेही अरबस्तानातूनच आलेले. आफ्रिकेच्या शिंगावर, म्हणजे सोमालिया-इथिओपियाकडच्या टोकावर, पसरलेलं दारोद हे प्रचंड कुळ त्यांच्यापासून सुरू होतं.

दोन पाहुणे, दोन कबरी आणि त्यांची कोट्यवधींच्या घरातली लेकरं. असं खरंच घडलं असेल, तर त्याची खूण या लेकरांच्या पेशीत आजही असायला हवी. ती आहे का, हे तपासायचं कसं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, ते या लेखात बघू. अर्थ लावणं हेच जास्त अवघड आहे. सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते.

आधी वंशावळीबद्दल. सोमाली समाजात मुलाला सात-आठ वर्षांचा असल्यापासून बापाकडची नावं पाठ करायला लावतात. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, असं करत वीस-तीस नावं मागे मूळपुरुषापर्यंत. याला ‘अब्तिर्सी’ म्हणतात. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे बैलावर बसून येणारा हेळवी घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो. सोमालींमध्ये ते काम प्रत्येक घरातलं पोरच करतं. दोन अनोळखी माणसं भेटली की आपापली नावं मागे मागे नेतात आणि कुठे जुळतात ते पाहतात. चौथ्या पायरीवर जुळली तर जवळचे, पंधराव्या पायरीवर जुळली तर लांबचे.

यामागे व्यवहार आहे. कुणाच्या हातून खून झाला तर ‘मग’ म्हणजे रक्ताची भरपाई द्यावी लागते. पुरुषाच्या जिवाचा रूढ दर शंभर उंटांचा. हे शंभर उंट एकट्याला झेपत नाहीत. ते कोणी मिळून भरायचे आणि समोरून आले तर कोणात वाटायचे, हे वंशावळीवर ठरतं. अब्तिर्सी म्हणजे एका अर्थी विम्याची पॉलिसीच. पुढे डीएनएचे आकडे येतील, तेव्हा हे लक्षात असू द्या.

सोमालींची मोठी कुळं पाच: दारोद, इसाक, हाविये, दिर आणि दक्षिणेतली शेती करणारी राहानवेन. हाविये आणि दिर यांचा मूळपुरुष समाले. समाले आणि दारोद या दोघांचीही वंशावळ पुढे अकील इब्न अबी तालिब यांच्यापर्यंत नेली जाते. अकील म्हणजे हजरत अलींचे भाऊ आणि पैगंबरांचे चुलतभाऊ. शेख इसाक यांची वंशावळ थेट अलींपर्यंत जाते. थोडक्यात, सगळे धागे शेवटी मक्केच्या कुरैश टोळीत, हाशिम घराण्यात जाऊन मिळतात.

इतिहासकारांना याबद्दल पूर्वीपासून शंका आहे. इस्लाम स्वीकारलेल्या बहुतेक समाजांत प्रतिष्ठित घराणी आपला वंश अरबस्तानाला जोडतात. मग सोमालींनीही तेच केलं असेल, असं मानायला वाव आहे. पण शंका घेणं आणि पुरावा देणं यात फरक आहे. लाल समुद्राच्या दोन्ही काठांवरची ये-जा तर खरीच आहे. १३३१ मध्ये प्रवासी इब्न बतूता झैला आणि मोगादिशू या बंदरांत गेला होता. मोगादिशूचा सुलतान स्थानिक भाषा बोलतो, पण त्याला अरबीही येते, असं त्याने लिहून ठेवलंय. मोगादिशूतली फखरुद्दीन मशीद तर १२६९ ची. अरब व्यापारी, मौलवी, खलाशी येत होते, राहत होते, लग्नं करत होते. त्यातलाच एखादा शेख कुळाचा मूळपुरुष होणं अशक्य मुळीच नाही.

आता वाय गुणसूत्राकडे. प्रत्येक पुरुषाकडे एक वाय असतं आणि ते त्याला फक्त बापाकडून मिळतं. बाकीची गुणसूत्रं दर पिढीला पत्त्यांसारखी पिसली जातात. वायचा बहुतेक भाग मात्र बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा उतरतो. म्हणजे अब्तिर्सीतली नावं ज्या वाटेने उतरतात, त्याच वाटेने वायही उतरतं. वंशावळ तोंडी चालत आली, वाय पेशीत चालत आलं. दोन्ही खरी असतील तर जुळायलाच हवीत. पितृवंशी समाजांवर संशोधक एवढे खूश असतात, ते यामुळेच.

जसंच्या तसं म्हटलं, तरी नक्कल करताना अधूनमधून चूक होते. तीच आपल्याला उपयोगी पडते. चुका दोन प्रकारच्या. एकात डीएनएच्या साखळीतलं एखादं अक्षर बदलतं. हे क्वचित होतं, आणि एकदा झालं की सगळ्या वंशजांकडे राहतं. अशा खुणांवरून पुरुषांचे मोठे गट पाडतात. त्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात आणि ए, बी, ई, जे, आर, टी अशी नावं देतात. दुसऱ्या प्रकारात, जिथे एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, तिथे मोजण्यात गफलत होते. डीवायएस१९ नावाच्या जागेवर टी-ए-जी-ए ही चार अक्षरं ओळीने अनेकदा येतात. कुणाकडे चौदा वेळा, कुणाकडे पंधरा. नक्कल करताना कधी एक वाढतो, कधी एक गळतो. साधारण पाचशे बाप-लेकांच्या जोड्यांत एखाद्या वेळी. अक्षरबदल म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर धरलं, तर ही पुनरावृत्ती म्हणजे मनगटावरचं घड्याळ.

हे घड्याळ वापरून बघू. समजा नैरोबीत राहणारा एक दारोद आणि ओस्लोत राहणारा दुसरा दारोद. वंशावळीप्रमाणे दोघं तीस पिढ्यांमागे एका बापाला मिळतात. त्या बापापासून एकापर्यंत तीस हस्तांतरणं आणि दुसऱ्यापर्यंत तीस, म्हणजे एकूण साठ. बाजारातल्या डीएनए चाचणीच्या किटमध्ये अशा ३७ जागा तपासतात. साठ गुणिले सदतीस भागिले पाचशे केलं की साधारण साडेचार येतात. म्हणजे दोघांत चार-पाच ठिकाणी एकेकाचा फरक दिसायला हवा. पण त्यांचा समाईक पुरुष पाच हजार वर्षांपूर्वीचा असेल, तर हाच हिशोब पंचवीसच्या आसपास जातो. काही फरक पुन्हा उलटे होऊन झाकले जातात, तरी चार आणि पंचवीस यांची गल्लत होत नाही.

म्हणून मूळपुरुषाचा दावा तपासायला दोन प्रश्न विचारावे लागतात. कुळातले पुरुष एकाच हॅप्लोग्रुपचे आहेत का, आणि तो अरबस्तानात सापडणारा आहे का? आणि त्यांचा समाईक बाप परंपरेने सांगितलेल्या काळात बसतो का, म्हणजे हजार-नऊशे वर्षांपूर्वी? दारोद किंवा इसाक यांच्या कबरीतल्या हाडांचा डीएनए कुणाकडे नाही. त्यामुळे जे काही कळायचं ते आजच्या वंशजांची एकमेकांशी तुलना करूनच.

२००५ मध्ये कोपनहेगनच्या न्यायवैद्यक संशोधकांनी २०१ सोमाली पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्यायवैद्यक विभागाला यात रस का असावा? डेन्मार्कमध्ये स्थलांतरित सोमाली बरेच आहेत, आणि पितृत्वाच्या किंवा गुन्ह्याच्या प्रकरणात वायच्या खुणा जुळल्या तर त्या जुळण्याला वजन किती द्यायचं, हे ठरवावं लागतं. निकाल पाहण्यासारखा होता. या पुरुषांपैकी ७७.६ टक्के एकाच हॅप्लोग्रुपचे निघाले. त्याला तेव्हा ई३बी१ म्हणत, आज त्यातल्या सोमाली फांदीला ई-व्ही३२ म्हणतात. ७५.१ टक्के पुरुषांकडे डीवायएस१९ वर टी-ए-जी-ए अकराच वेळा होता. इतरत्र हा अकरा दुर्मीळ आहे.

सारखेपणा किती, याचा अंदाज असा. नेहमीच्या आठ जागा तपासल्या, तर कुठलेही दोन सोमाली पुरुष तंतोतंत जुळण्याची शक्यता साधारण चोविसात एक. युरोपात ती सुमारे ३८५ मध्ये एक. आठ जागांच्या जोरावर एखाद्या सोमाली तरुणाला गुन्ह्यात गोवायला कुणी निघालं, तर त्याच्या वकिलाने हा आकडा खिशात ठेवावा.

बहुसंख्य सोमाली पुरुष एकाच बापाचे वंशज, हे म्हणणं तर खरं ठरलं. फक्त तो बाप शेख नव्हता. ई-व्ही३२ ही ईशान्य आफ्रिकेची फांदी आहे. तिचे जवळचे भाऊबंद इथिओपिया आणि उत्तर केनियातल्या ओरोमो समाजात सापडतात. सोमालींमध्ये ती चार ते पाच हजार वर्षांपूर्वी आली, असा या अभ्यासाचा अंदाज. म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वी किमान अडीच हजार वर्षं. अरबस्तानाची ठळक खूण आहे जे१. २००८ च्या एका अभ्यासात येमेनमधल्या ७० टक्क्यांहून जास्त पुरुषांकडे ती मिळाली होती. दारोद, इसाक, समाले हे सगळे हाशिमी असते आणि वंशावळी पित्याकडून अखंड उतरल्या असत्या, तर सोमालींतही एकाच अरबी खुणेचा पूर दिसायला हवा होता. तो दिसत नाही. सगळ्या सोमाली पुरुषांत मिळून युरेशियाकडून आलेले वाय सुमारे १५ टक्के.

आणि खरी गंमत त्या १५ टक्क्यांत आहे. त्यातला मोठा वाटा, एकूण पुरुषांच्या १०.४ टक्के, टी हॅप्लोग्रुपचा. (मूळ अभ्यासात त्याला के२ म्हटलंय. पुढे नाव बदललं, आणि आज के२ म्हणजे भलतंच काही. या क्षेत्रातली नावं आपल्या शहरांतल्या रस्त्यांसारखी दर दहा वर्षांनी बदलतात.) टीचं मूळ पश्चिम आशियात. पण तो सगळ्या कुळांत सारखा विखुरलेला नाही. इथिओपियातल्या दिरे दावा भागात दिर कुळाच्या पुरुषांचा एक नमुना तपासला, तर सुमारे पाचातल्या चौघांकडे टी निघाला. नमुना अगदी लहान, वीसच्याही आतला, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत. तरी कल तर कळतोच.

आता दारोदची गोष्ट ऐका. दारोद परक्या देशात एकटाच राहत होता. दिर कुळाच्या सरदाराची मुलगी दोबिरा शेळ्या-मेंढ्यांना पाणी पाजायला यायची, तिला तो भेटला. तो विहिरीच्या तोंडावर अशी शिळा ठेवायचा की ती दुसऱ्या कुणाला हलवता येईना. सरदार विहिरीवर आला, तेव्हा दारोद झाडावर बसला होता. मुलगी देत असशील तर शिळा हलवतो, म्हणाला. सरदार कबूल झाला. मग सरदाराच्या खांद्यावर पाय देऊन दारोद खाली उतरला. या कथेत दारोद परका, अरब, कुलीन. आणि दिर इथले, मातीतले, सासरे. प्रयोगशाळेतलं चित्र जवळजवळ उलटं: ज्याच्या खांद्यावर पाय ठेवला, त्या सासऱ्याच्या कुळातच समुद्रापलीकडची खूण जास्त भरलेली दिसते.

मग दिर हेच खरे अरब, असं म्हणायचं का? इतकी घाई नको. टी ही अरबांची मक्तेदारी नाही. जॉर्डनमधल्या ऐन गझल या नवाश्मयुगीन वस्तीतल्या सांगाड्यातही टी सापडलाय, आणि तेव्हा अरब ही ओळखच जन्मली नव्हती. लाल समुद्र ओलांडून टी आफ्रिकेच्या शिंगावर केव्हा उतरला, हे संपूर्ण वाय वाचूनच सांगता येईल. हॅप्लोग्रुपचं एक अक्षर पाहून माणसाची जात, धर्म किंवा देश ठरवणं म्हणजे आडनावाच्या शेवटी ‘कर’ पाहून गाव ओळखल्यासारखं आहे. पिन कोड त्यातून मिळत नाही.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. बऱ्याच सोमाली तरुणांनी लाळेचं किट पाठवलं की अहवालात मध्यपूर्वेशी नातं सांगणारा मोठा आकडा येतो. मग जल्लोष होतो, बघा, आजोबा खरंच सांगत होते! हा आकडा सगळ्या गुणसूत्रांवरून काढलेला असतो, आणि तो खोटाही नसतो. २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात इथिओपियातल्या सेमिटिक आणि कुशिटिक भाषा बोलणाऱ्या समाजांत आफ्रिकेबाहेरचा वाटा ४० ते ५० टक्के निघाला. सोमाली भाषा कुशिटिकच. पण त्याच अभ्यासात ही सरमिसळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची निघाली. २०१४ चा दुसरा अभ्यास म्हणतो की त्यातला एक भाग शेतीच्या शोधाच्याही आधी आफ्रिकेत परत आला होता. अभ्यासकांचं तारखांवर एकमत नाही. पण यातली कुठलीही तारीख धरली, तरी ती पैगंबरांच्या आधीच पडते. अहवालातल्या त्या आकड्याचा शेख इसाकशी संबंध जोडता येत नाही.

उलट, एखादा शेख खरोखर आला असता तरी या आकड्यात तो दिसला नसता. हिशोब सोपा आहे. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पुढच्या पायरीवर आठ. तीस पिढ्यांमागे वंशवृक्षावर १०७ कोटी जागा होतात. तेव्हा जगात एवढी माणसंच नव्हती, त्यामुळे तीच ती माणसं हजारो जागांवर पुन्हा पुन्हा बसलेली असतात. त्यातल्या एका जागेवरच्या शेखाचा तुकडा तुमच्यापर्यंत पोचलेला नसण्याचीच शक्यता जास्त. पण १०७ कोटी जागांपैकी एकावरही अरब नाही, असंही होणं कठीण, विशेषतः येमेन समुद्रापलीकडे एवढा जवळ असताना. वाय फक्त एका वाटेबद्दल बोलतं: बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. बाकीच्या वाटांबद्दल ते मुकं आहे. म्हणून ‘सोमालींमध्ये अरब रक्त नाही’ हा निष्कर्ष काढणाराही तेवढाच चुकतो.

मधल्या वाटेवरही काही गोष्टी घडलेल्या असतात. बाप म्हणून सांगितलेला पुरुष जैविक बाप नसण्याचं प्रमाण युरोपातल्या अभ्यासांत दर पिढीला एक टक्क्याच्या आसपास आढळतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तीस पिढ्यांत साधारण चारातल्या एका वंशावळीत धागा कुठेतरी तुटलेला असतो. सोमालींमध्ये याच्या जोडीला उघड, मान्यताप्राप्त दत्तक पद्धतही आहे. दुबळं किंवा नव्याने आलेलं घराणं एखाद्या बलिष्ठ कुळाच्या आश्रयाला गेलं की हळूहळू त्या कुळाची वंशावळ आपली म्हणून सांगू लागतं. अशांना ‘शेगद’ म्हणतात. दक्षिणेकडच्या राहानवेनांमध्ये ही पद्धत फार चालते. ‘मग’च्या उंटांत वाटा भरला, संकटात भाला घेऊन उभा राहिला, तर तो आपला. उंट मोजताना वाय कुणी विचारत नव्हतं.

आया तर अब्तिर्सीत येतच नाहीत, तरी त्या पूर्ण पुसल्याही गेलेल्या नाहीत. इसाक कुळात हबर अवल, हबर युनिस, हबर जेलो अशी नावं आहेत. ‘हबर’ म्हणजे म्हातारी, आई. शेख इसाक यांच्या दोन बायका होत्या आणि त्यांच्या मुलांचे दोन गट पडले, असं सांगतात. एकीची मुलं हबर मगादले, दुसरीची हबर हबुशीद. पहिली स्थानिक मगादले कुळातली, दुसरी हबश म्हणजे इथिओपियाकडची. परंपरा स्वतःच सांगते की पाहुणा एक होता आणि आया इथल्या होत्या. मातृवंश मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतून तपासता येतो, कारण तो फक्त आईकडून मिळतो. तिथे सोमालींमध्ये आफ्रिकेच्या एल शाखा आणि आशियाशी नातं सांगणाऱ्या एम१, एन१ए यांसारख्या शाखा अशी मिसळ दिसते.

ही चाचणी फक्त सोमालींचीच झालेली नाही. स्वतःला पैगंबरांचे वंशज म्हणवणाऱ्या भारतीय उपखंडातल्या सय्यदांची झाली. २०१० च्या अभ्यासात त्यांच्यात शेजारच्या बिगर-सय्यद मुसलमानांपेक्षा अरब वाटा थोडा जास्त निघाला, पण अलीकडचा एकच समाईक बाप काही सापडला नाही. आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली यहुद्यांचीही झाली. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची कथा. मराठी बोलणाऱ्या, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्या या समाजाचं परदेशी मूळ २०१६ च्या अभ्यासात खरं ठरलं. मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा वाटा स्पष्ट निघाला आणि तो जास्त करून पुरुषांकडून आलेला होता. बायकांचा वाटा मात्र बराचसा इथला. सात जोडप्यांपैकी सात पुरुषांना पुरावा मिळाला, बायकांच्या बाबतीत कथेने जरा सांभाळून घेतलेलं दिसतं. सरमिसळीचा काळ निघाला १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा.

सोमालियात हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा राहत नाही. १९७४ मध्ये सोमालिया अरब लीगचा सदस्य झाला, आणि आपण अरब की आफ्रिकी हा वाद तिथे राजकारणातही चालतो. म्हणून ‘विज्ञानाने अमुक कुळाचा दावा खोडला’ असे मथळे दिसले की मी आधी नमुना किती जणांचा आणि कुठला ते बघते. परदेशात राहणाऱ्या, हौसेने किट विकत घेणाऱ्या चाळीस जणांवरून एका कुळाचा निकाल लागत नाही.

निकाल लावायचाच असेल तर पद्धत माहीत आहे. इसाकच्या प्रत्येक मुलाच्या शाखेतून दोन-दोन पुरुष निवडायचे, वंशावळीत एकमेकांपासून जितके लांबचे मिळतील तितके. निम्मे हबर मगादलेकडचे, निम्मे हबर हबुशीदकडचे. नुसत्या ३७ जागा न मोजता पूर्ण वाय वाचायचं, कारण तिथे साधारण शंभर वर्षांत एखादा अक्षरबदल पडतो आणि तारीख बऱ्यापैकी घट्ट धरता येते. दोन्ही आयांच्या बाजूचे धागे नऊशे-हजार वर्षांच्या आसपास एका पुरुषात मिळाले, तर मैढच्या घुमटाखाली कुणीतरी खरोखर एका मोठ्या वंशाचा बाप झोपलेला आहे. मग त्याचं वाय जे१ असो, टी असो की ई-व्ही३२.